समजून घ्या: वाइनची परीक्षा पिण्याची नव्हे, वास ओळखण्याची

अंधेरीत विमानतळाजवळच्या हॉटेलात सर्व्हिसचं काम करणाऱ्या तरुणाने ‘वाइनची परीक्षा देतोय’ असं सांगितलं, तर घरात भुवया उंचावणारच. पण हा अभ्यास पिण्याचा नाही. वर्गात वाइन तोंडात घोळवून थुंकतात.

परीक्षेत काय असतं?
लंडनची ‘वाइन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्ट’ ही संस्था १९६९ पासूनची. तिच्या लेव्हल २ ला एका तासात ५० बहुपर्यायी प्रश्न. पास होण्यासाठी ५५ टक्के. लेव्हल ३ ला लेखी उत्तरं येतात, शिवाय दोन वाइन नाव न सांगता समोर ठेवतात. अर्ध्या तासात त्यांचं वर्णन लिहायचं.

अडतं कुठे?
शब्दांवर. सोव्हिन्यॉं ब्लांच्या वर्णनातली ‘गूजबेरी’ म्हणजे आपला आवळा नव्हे. ती पाठच करावी लागते. मात्र शिराझमधली काळी मिरी, ओकच्या पिंपातून उतरणारा लवंग-नारळाचा वास, गेवुर्झट्रामिनरमधली लिची ओळखीचीच. डोळे मिटून मसाल्याचे डबे हुंगण्याचा सराव फुकट आहे.

फी भरण्याआधी
मुंबईच्या सोनल हॉलंड २०१६ मध्ये भारतातल्या पहिल्या ‘मास्टर ऑफ वाइन’ झाल्या. तो टप्पा फार पुढचा. प्रमाणपत्राने पगार वाढेलच असं नाही. त्यामुळे आधी मॅनेजरला विचारा, मग लेव्हल २ द्या. लेव्हल ३ साठी कर्ज काढायची घाई नको.