अंड्यांचे ट्रे आणि आवाजाची खोली

हल्ली आपल्या कॉलेजात गाणाऱ्यांपेक्षा ध्वनिमुद्रण करणारे अधिक झाले आहेत, आणि त्यात वाईट काही नाही. ज्यासाठी पूर्वी आकाशवाणीच्या धारवाड केंद्राची पायरी चढावी लागे, ते आता माडीवरच्या दहा बाय बाराच्या खोलीत होते. माझी तक्रार निराळी आहे. वडिलांच्या पगारातून हप्त्याने माइक येतो, हेडफोन येतो. खोलीचा विचार मात्र सर्वांत शेवटी. मग बेकरीतून अंड्यांचे ट्रे आणून भिंतीला डकवायचे, की झाला स्टुडिओ! अशा खोलीतले मुद्रण स्पर्धेला जाते, तेव्हा परीक्षकाला गळा कमी आणि भिंतीच जास्त ऐकू येतात.

हे ट्रे उतरवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आवाज शोषून घ्यायला जाडी लागते, आणि पुठ्ठ्याच्या सालीत ती कोठून येणार? ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. म्हणजे १०० हर्ट्‌झच्या स्वराची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब. तिच्यापुढे इंचभर स्पंजाची काय कथा! वरचा करकरीतपणा तेवढा जातो, डग्ग्याचा घुमारा तसाच राहतो आणि खोली डब्यासारखी बोलू लागते.

स्पंजाविषयी तर माझा राग अधिक आहे. २००३ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात एका नाइट क्लबात भिंतींवर आवाजासाठी लावलेल्या फोमने आतषबाजीच्या ठिणग्यांनी पेट घेतला आणि १०० माणसे दगावली. एकच दार असलेल्या खोलीत, वायरींच्या जाळ्यात, हा माल लावू नये.

हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन यांच्याकडे १८९५ साली असाच प्रश्न आला. फॉग म्युझियमच्या नव्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द पाच-साडेपाच सेकंद घुमत राही. त्यांनी शेजारच्या सँडर्स थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक वाढवून घुमारा मोजला. आजचे ध्वनिशास्त्र त्या गाद्यांवर उभे आहे. किमती यंत्रावर नव्हे.

आपल्यालाही तेच करता येते. रॉकवूलचा, म्हणजे दगडी लोकरीचा, चार फूट बाय दोन फूट आणि दोन इंच जाडीचा पत्रा मिळतो. तो जळत नाही. दोन पत्रे एकावर एक ठेवावेत, भोवती फळ्यांची चौकट करावी, वरून मांजरपाट ताणून खिळवावे. कापड निवडताना ते तोंडाला लावून फुंकर मारावी. वारा पार गेला तरच घ्यावे. रेक्झिन नको. लोकर हाताळताना तोंडाला मास्क, हातात मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच, कुसळे टोचतात. चौकट भिंतीला चिकटवू नये, चार इंच पुढे टांगावी, म्हणजे खालचे स्वरही थोडे पकडले जातात.

जागा शोधायला आरसा पुरतो. आपण खुर्चीवर बसावे. मित्राने आरसा भिंतीला टेकवून सरकवत न्यावा. त्यात स्पीकर दिसला की तेथे खूण करावी. (आमच्या खोलीत आरसा कन्नड विभागाच्या मित्राने धरला, आणि खुणा माझ्यापेक्षा त्यानेच नीट केल्या!) दोन्ही बाजूंना एकेक, छताला एक, कोपऱ्यांत दोन, इतके बहुधा पुरे. सगळी खोली मढवू नये. तंबोऱ्याला थोडी भिंत लागतेच.

एवढे करूनही शेजाऱ्याला तुमचे गाणे ऐकू येईलच. हे तक्ते खोलीतला घुमारा खातात, आवाज अडवीत नाहीत. त्याला जड भिंत आणि फट नसलेले दार लागते. शहापूर-वडगावच्या गल्लीत राहणाऱ्याने मागाची सुट्टी गाठावी, किंवा वीज जाण्याची वाट पाहावी. माग थांबतात, आणि लॅपटॉपची बॅटरी तासभर चालते.