दोष माध्यमाचा की दफ्तराचा?

संपादक महाशय,



सार्वजनिक संस्थांनी ट्विटरच्या (नव्या नामकरणानुसार ‘एक्स’च्या) नादी लागणे म्हणजे निव्वळ कालापव्यय, हा गतांकातील पत्रलेखक महोदयांचा अभिप्राय मला एकांगी वाटतो. २००६ साली १४० अक्षरांच्या मर्यादेनिशी अवतरलेले आणि २०१७ साली २८० अक्षरांची मुभा देणारे हे माध्यम, तारेचा मजकूर शब्द मोजून लिहिणाऱ्या आमच्या पिढीला तरी परके वाटू नये.

२०१५ च्या अखेरीस मुंबई पोलिसांनी तेथे खाते उघडले. त्यांच्या विनोदाचे कौतुक पुष्कळ झाले, परंतु त्याच खात्यावर नागरिकांच्या तक्रारींचीही दखल घेतली जाते, हे मला अधिक मोलाचे वाटते. परराष्ट्रमंत्री असताना सुषमा स्वराज यांनी परदेशी अडकलेल्यांना याच मार्गाने दिलेली उत्तरे सर्वश्रुत आहेत.

याउलट, ज्या ग्रंथालयाचा मी कार्यवाह आहे, त्याच्या खात्यावर वर्षभर आम्ही हारतुऱ्यांची छायाचित्रेच तेवढी प्रसृत केली आणि ‘उद्या वाचनालय उघडे आहे काय?’ या सभासदांच्या साध्या पृच्छेस कोणी उत्तर दिले नाही. दोष आमच्या दफ्तराचा होता. उत्तरे देण्यास कारकून नेमावयाचा नसेल, तर संस्थांनी खाते उघडूच नये.

आपला,
एक ग्रंथालय-कार्यवाह