मिलानचे हृदय वेगळे आणि खार्टूमचे वेगळे काय?

१४ एप्रिल २०२३ रोजी आपण गावोगावी बाबासाहेबांची जयंती साजरी केली. दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, सुदानची राजधानी खार्टूम येथे दोन सेनापतींच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. एका बाजूला जनरल बुऱ्हान यांचे सरकारी सैन्य, दुसऱ्या बाजूला हमदान दगालो ऊर्फ हेमेदती यांची रॅपिड सपोर्ट फोर्सेस ही निमलष्करी फौज. आपल्याकडच्या प्रस्थापित वर्तमानपत्रांनी ही बातमी छापली ती 'ऑपरेशन कावेरी'पुरती. आपली माणसे जहाजाने आणि विमानाने परत आली आणि सुदान पानावरून नाहीसा झाला. त्यानंतर तिथे एक कोटीहून अधिक माणसे घरदार सोडून परागंदा झाली, ऑगस्ट २०२४ मध्ये दार्फुरच्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये एल फाशर शहर हेमेदतींच्या फौजेच्या हाती पडले आणि तिथे कत्तल झाली. काळ्या माणसाच्या मरणाला बातमीची किंमत नसते, हे आम्हाला नवे नाही. खैरलांजीच्या वेळीही मुख्य प्रवाहाला जाग यायला किती दिवस लागले, हे या पानाचे वाचक विसरलेले नाहीत.

आम्हाला आज लिहायचे आहे ते त्या युद्धातल्या एका इस्पितळाविषयी. खार्टूमच्या दक्षिणेला, निळ्या नाईलच्या काठी सोबा नावाचे ठिकाण आहे. तिथे 'सलाम' हृदयशस्त्रक्रिया केंद्र आहे. सलाम म्हणजे शांतता. 'इमर्जन्सी' या इटालियन संस्थेने ते २००७ मध्ये सुरू केले. ६३ खाटा, तीन शस्त्रक्रियागृहे, आणि उपचार पूर्ण मोफत. केसपेपरचेसुद्धा पैसे नाहीत. आफ्रिकेतील अनेक देशांची मुले आणि तरुण इथे हृदयाची झडप दुरुस्त करून किंवा बदलून घ्यायला येत आली आहेत.

ही संस्था १९९४ मध्ये मिलान येथे स्थापन झाली. संस्थापक डॉ. जिनो स्ट्राडा आणि त्यांच्या पत्नी तेरेसा सार्ती. स्ट्राडा हे हृदयशस्त्रक्रिया शिकलेले डॉक्टर. मनात आणले असते तर युरोपात बंगला बांधून राहिले असते. ते रेडक्रॉसबरोबर युद्धभूमीवर गेले, सुरुंगाने पाय तुटलेल्या पोरांवर शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे आयुष्यभर युद्धाच्या विरोधात बोलत राहिले. २००१ मध्ये अफगाणिस्तानवर बॉम्ब पडू लागले तेव्हा स्वतःच्या देशाच्या सरकारलाही त्यांनी सोडले नाही. १३ ऑगस्ट २०२१ रोजी ते वारले.

आता मुद्द्यावर येतो. सलाम केंद्र उभे राहत होते तेव्हा जगातल्या आरोग्यपंडितांनी नाके मुरडली. म्हणाले, जिथे मलेरियाने आणि हगवणीने पोरे मरतात तिथे हृदयाचे इस्पितळ कशाला? हा तर ऐषाराम! या पैशात किती लसी आल्या असत्या, किती मच्छरदाण्या आल्या असत्या! वरवर पाहता हा हिशेब बरोबर वाटतो. पण बारकाईने पाहा, हा हिशेब कोणासाठी मांडला जातो? मिलानच्या मुलाच्या हृदयाची झडप निकामी झाली तर त्याच्या बापाला कोणी सांगत नाही की बाबा रे, या पैशात शंभर पोरांना लस मिळेल, तुझ्या पोराचे राहू दे. तिथे लसही मिळते आणि झडपही मिळते. निवड करायला लावले जाते ते फक्त गरिबाला. त्याच्या ताटात पोळी वाढायची की भाजी, हे ठरवणारा स्वतः दोन्ही खाऊन ढेकर देत असतो.

हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा नाही काय? अस्पृश्यांना आधी अक्षरओळख होऊ द्या, कॉलेजचे पुढे पाहू, असे सांगणारे इथे कमी नव्हते. बाबासाहेबांनी ते ऐकले असते तर १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली नसती आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज उभे राहिले नसते. आजही आरक्षणातून डॉक्टर झालेल्या मुलीकडे बोट दाखवून 'दर्जा'ची भाषा करणारे आहेतच. खालच्या माणसाला किमान द्यावे आणि कमाल वरच्याने घ्यावे, हीच तर मनुस्मृतीची वाटणी. इमर्जन्सीने २००८ मध्ये आफ्रिकेतील देशांच्या प्रतिनिधींबरोबर एक जाहीरनामा काढला. त्याची तीन सूत्रे आहेत: समता, दर्जा आणि सामाजिक जबाबदारी. आम्हाला त्यातले मधले सूत्र सर्वात महत्त्वाचे वाटते. मोफत म्हणजे मळके, मोफत म्हणजे जमिनीवर गादी, ही सवय त्यांनी मोडली. सलाम केंद्राच्या इमारतीला २०१३ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. आवारातली आंब्याची झाडे ठेवून बांधकाम केले, वाळवंटाच्या उन्हावरच थंडाव्याची यंत्रणा चालवली, सामान आणलेल्या रिकाम्या कंटेनरांत कर्मचाऱ्यांची घरे केली. गरिबासाठी सुंदर इमारत बांधली म्हणून कोणाचे बिघडले?

आणि हा आजार तरी कोणाचा? सलामकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांची हृदये जन्मतः धड असतात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा सुजतो. त्या घशातल्या जंतूवर वेळीच पेनिसिलीन मिळाले नाही तर काही आठवड्यांनी ताप येतो, सांधे धरतात, सांधे बरेही होतात, पण हृदयाच्या झडपेला इजा होऊन बसते. पुन्हा घसा, पुन्हा ताप, पुन्हा इजा. शेवटी पोरगे चार पायऱ्या चढले तरी धापा टाकते. यालाच ऱ्हुमॅटिक हृदयरोग म्हणतात. जगात चार कोटींहून अधिक लोकांना तो आहे. एका खोलीत सात-आठ माणसे झोपतात तिथे हा जंतू एका घशातून दुसऱ्या घशात जातो. युरोपातही तो घरोघरी होता. तिथे तो कमी होऊ लागला तो पेनिसिलीन निघण्याच्या आधीच, कारण घरे मोठी झाली, खोल्यांत हवा आली, पोटाला मिळू लागले. म्हणजे या रोगाचे पहिले औषध घर आहे. गावकुसाबाहेर ढकललेल्या आणि दहा बाय दहाच्या खोलीत संसार केलेल्या समाजाला आम्ही आणखी काय समजावून सांगावे?

सुदानातही गावकूस आहेच. तिथल्या अरब म्हणवणाऱ्या वरच्या थरातले लोक दार्फुरच्या आणि दक्षिणेच्या काळ्या माणसाला 'अबीद' म्हणून हिणवतात. अबीद म्हणजे गुलाम. हेमेदतींची फौज ज्या जंजावीद टोळ्यांतून वाढली, त्यांनी ही शिवी तोंडात ठेवूनच गावे जाळली. २००१ च्या दरबान परिषदेत जातीचा प्रश्न वंशभेदाबरोबर मांडावा की नाही यावर भारत सरकारने केवढा आटापिटा केला होता! जन्मावरून माणूस हलका ठरवण्याचा रोग एकाच देशाचा नाही, एवढेच त्यावरून ध्यानात घ्यावे.

युद्ध पेटले तेव्हा खार्टूममधील बहुतेक इस्पितळे बंद पडली. काहींवर तोफगोळे पडले, काहींत बंदूकधारी घुसले, काहींचे डॉक्टर पळून गेले. त्यांना आम्ही दोष देत नाही, जीव प्रत्येकाला प्यारा असतो. शहराचा मोठा भाग जवळपास दोन वर्षे हेमेदतींच्या हाती होता. मार्च २०२५ मध्ये सैन्याने तो परत घेतला. या काळात सलामचे दार उघडे राहिले. वीज नसली की जनरेटर, आणि जनरेटरला डिझेल कुठून आणायचे ही रोजची चिंता. दोन्ही फौजांना बाहेरून शस्त्रे मिळत राहिली. शस्त्राला रस्ता सापडतो, इंजेक्शनच्या खोक्याला सापडत नाही.

पण गोळीबाराहून मोठी अडचण एका छोट्या गोळीची होती आणि ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्याच्या हृदयात धातूची झडप बसवली आहे त्याला रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर झडपेवर रक्ताची गुठळी धरते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो. म्हणून रक्त पुनःपुन्हा तपासून गोळीचे प्रमाण ठरवावे लागते. सलामने हजारो माणसांना अशा झडपा बसवल्या होत्या. ही माणसे एका रात्रीत देशभर पांगली. बंदुकीची एकही गोळी न लागता ती मरू शकत होती, केवळ तपासणी चुकली म्हणून. इमर्जन्सीने मग देशातील इतर शहरांत या तपासणीची केंद्रे उघडली. रुग्ण इस्पितळापर्यंत येऊ शकत नाही तर इस्पितळ रुग्णाच्या वाटेवर नेऊन बसवले. आम्हाला शस्त्रक्रियेपेक्षा हे काम मोठे वाटते. शस्त्रक्रियेचा फोटो छापून येतो, महिन्याच्या रक्ततपासणीचा येत नाही.

यात मुलींचे दुखणे वेगळेच. वॉर्फरिन चालू असताना दिवस राहिले तर गर्भाला अपाय होऊ शकतो आणि गोळी थांबवली तर आईच्या जिवावर बेतते. प्राण्याच्या ऊतीची झडप बसवली तर या गोळीतून सुटका होते, पण तरुण वयात ती लवकर झिजते आणि पुन्हा छाती उघडावी लागते. पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न लावून देणाऱ्या समाजात सर्जनला झडप निवडताना मुलीचे लग्न, सासर, मूल, सगळ्याचा विचार करावा लागतो.

आम्हाला सावित्रीमाई आठवतात. १८९७ च्या प्लेगात सरकारी बंदोबस्ताच्या धाकाने लोक घरे सोडून पळत होते. तेव्हा माईंनी आणि डॉ. यशवंतांनी हडपसरजवळ माळावर दवाखाना थाटला. प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर घालून आणले आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. ते मूल अस्पृश्याचे होते. आजच्या पुढाऱ्यांना १० मार्चची आठवण फक्त पुष्पहारापुरती असते.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. इमर्जन्सीचा पैसा देणगीतून येतो. इटलीत करदात्याला आपल्या आयकरातला हजारी पाच हिस्सा पसंतीच्या संस्थेकडे वळवता येतो, त्याचाही तिला मोठा आधार आहे. म्हणजे सुदानी मुलाचे हृदय मिलानच्या करदात्याच्या मर्जीवर धडधडते. संस्था त्याला हक्क म्हणते, आणि तिची नियत आम्हाला खरी वाटते. पण ज्याच्या विरोधात दाद मागता येत नाही तो हक्क अर्धाच. सुदानात दाद मागायला राज्यच उरले नव्हते. आपल्याकडे राज्य आहे, संविधान आहे. अनुच्छेद ४७ सार्वजनिक आरोग्य हे राज्याचे कर्तव्य म्हणतो. १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या एका शेतमजुराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी इस्पितळाने तातडीचा उपचार नाकारणे हा अनुच्छेद २१ चा भंग ठरवला आणि पैसा नाही ही सबब चालणार नाही असे बजावले. आपल्याकडे तोफा चालत नसताना पोरांच्या झडपा निकामी होत असतील तर दोष कोणत्या युद्धाला द्यायचा?

हा रोग भारतातून गेलेला नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हृदयाची शस्त्रक्रिया होते, ते चांगलेच आहे. पण तिथवर पोहोचायच्या आधी रोग कळायला हवा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळा-अंगणवाड्यांत मुलांची तपासणी करायची आहे आणि ऱ्हुमॅटिक हृदयरोग त्या यादीत आहे. ज्या मुलाला एकदा हा ताप येऊन गेला, त्याला तीन-चार आठवड्यांनी बेंझाथीन पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. इंजेक्शन स्वस्त आहे. स्वस्त असल्यामुळेच ते बनवण्यात कंपन्यांना रस नाही, आणि रिॲक्शनच्या भीतीने अनेक दवाखाने ते द्यायला कचरतात.

आमच्या कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतल्या शाळेत जाऊन आरोग्य पथक शेवटचे कधी आले होते, ते नोंदवहीत पाहावे. विहारात शिबिर घ्याल तेव्हा रक्तदानाबरोबर मुलांच्या छातीला स्टेथोस्कोप लावणारा एक डॉक्टर बोलवावा. ज्यांच्या मुलाला हे इंजेक्शन चालू आहे त्यांनी पुढची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. आणि सरकारी दवाखान्यात 'स्टॉक नाही' असे उत्तर मिळाले तर ते तारीख आणि सहीसह लेखी मागावे.