अध्यक्षपद बाभळीलाच हवं होतं!

फेब्रुवारी २०२० मध्ये आमच्या बीडजवळ पालवणला, सयाजी शिंद्यांच्या सह्याद्री देवराईत वृक्षसंमेलन झालं. अध्यक्ष कोण? तर वड!

वडाचा मान मोठा, कबूल. पण मंडळी, दुष्काळात आमच्या कामी कोण आलं? उन्हाळ्यात चारा संपला की शेळ्या जगतात त्या बाभळीच्या शेंगांवर. तिफण, वखर, बैलगाडीची चाकं तिच्याच लाकडाची. साल कातडं कमवायला, डिंक बाळंतिणीच्या लाडवात, काटेरी फांद्या कुंपणाला. मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात ते वेगळंच.

आणि आपण काय करतो? अमेरिका खंडातून आलेल्या वेड्या बाभळीची बदनामी हिच्या माथी मारतो आणि बांध साफ करताना दोघींवर एकच जेसीबी फिरवतो. शास्त्रज्ञांनीही तिचं 'अकेशिया' हे नाव काढून ऑस्ट्रेलियातल्या झाडांना दिलं. आता ती म्हणे 'वाचेलिया'!

तिला ना खड्डा लागतो, ना टँकर. शेळीच्या पोटातून पडलेलं बी पावसात आपसूक उगवतं. सत्कार राहू द्या हो, बांधावरची तेवढी तोडू नका.