वाकणारी काच आणि आपली तापणारी गावं

काच वाकत नाही, फुटते, ही आपली पक्की समजूत. ती अर्धीच खरी आहे. काच जाड असते म्हणून वाकत नाही. कॉर्निंग कंपनीने २०१२ साली एक दशांश मिलिमीटर जाडीची, म्हणजे साधारण कागदाइतकी पातळ काच जाहीर केली. ती गुंडाळून ठेवता येते. कुठलीही पट्टी वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि जाडी जितकी कमी तितका हा ताण कमी. सहा मिलिमीटरची काच सहा मीटर त्रिज्येच्या कमानीत वाकवताना जेवढा ताण येतो, तेवढाच ताण ही काच दहा सेंटिमीटर त्रिज्येत वाकवताना येतो. गंमत म्हणजे असली पातळ, बळकट केलेली काच आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. मोबाइलची काच पोटॅशियम नायट्रेटच्या वितळलेल्या क्षारात बुडवतात. काचेतले सोडियमचे कण बाहेर पडतात, त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे कण घुसतात आणि पृष्ठभाग आतून घट्ट दाबला जातो.

आता हीच काच इमारतींच्या दर्शनी भागाला लावण्याचे प्रयोग चालू आहेत. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात दोन पातळ काचांमध्ये छापील जाळी घालून हलक्या पाट्या करून पाहिल्या आहेत. पातळ काच सपाट लावली तर वाऱ्याने फडफडेल. तिला वळण दिलं की ती ताठ होते. हे समजायला नामपूरच्या माणसाला डेल्फ्टला जायची गरज नाही. कांद्याच्या शेडवरचा पन्हाळी पत्रा बघा. तोच पत्रा सपाट असता तर पहिल्या वादळात दुमडला असता.

फायदा मोठा आहे. एक चौरस मीटर काच सहा मिलिमीटर जाडीची असेल तर वजन पंधरा किलो, दोन मिलिमीटरची असेल तर पाच किलो. भट्टीत वाळू वितळवायला सुमारे पंधराशे अंश तापमान लागतं. म्हणजे काच कमी, तितकं इंधनही कमी. मला या संशोधनाचं मनापासून कौतुक आहे. महाराष्ट्राला काच परकी नाही. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा, कऱ्हाडजवळचा ओगल्यांचा कारखाना १९१६ चा. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाने किती घरं उजळली!

पण माझा मुद्दा वेगळा आहे. बीकेसीतल्या काचेच्या मनोऱ्यांची नक्कल आता तालुक्यांच्या बाजारपेठांपर्यंत पोचली आहे. कापड दुकान, बँक, मंगल कार्यालय, खासगी क्लास, कुठे कुठे नवी मशीदही. समोरून काच लावली की इमारत 'भारी' ठरते. उद्या वाकणारी काच स्वस्त झाली तर हीच हौस गोल, लाटेसारखी, डौलदार होऊन येईल. आणि ऊन? साध्या काचेतून उन्हाची सुमारे ऐंशी टक्के उष्णता आत येते. काच पातळ केली म्हणून त्यात घट होत नाही. मोसमच्या खोऱ्यात एप्रिल-मे कसा जातो हे आपल्याला माहीत आहे. बाहेरच्या काचेचं कौतुक रस्त्यावरून जाणारा करतो, आतला उकाडा मात्र दिवसभर उभा राहणारा सेल्समन सोसतो, क्लासमधली पोरं सोसतात, जोहरच्या नमाजला आलेले म्हातारे सोसतात. लाइट गेली की एसीही गप्प.

आपल्या जुन्या कारागिरांना हे कळत होतं. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यात कबरीभोवती संगमरवरी जाळी आहे. जाळी उजेड गाळून आत घेते आणि वाराही येऊ देते. वाड्यांच्या जाड भिंती, खोल ओसरी, लहान खिडक्या या मागासलेपणाच्या खुणा नव्हत्या. तो उन्हाचा अभ्यास होता.

मग पातळ काच नकोच का? हवी, पण तिच्या जागी. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने दोन काचांच्या खिडकीत मधोमध तिसरी, एक मिलिमीटरहूनही पातळ काच बसवण्याच्या पद्धतीवर काम केलं आहे. खिडकीचं वजन फारसं वाढत नाही आणि कोंडलेल्या हवेचे दोन थर उष्णता अडवतात. रुग्णालयाच्या खोलीला, शाळेच्या संगणक कक्षाला अशी खिडकी शोभेल. बाहेर छज्जा किंवा जाळी, आत अशी काच, हा मेळ आपल्या हवेला मानवणारा आहे.

आणखी एक गोष्ट. काचेचा घात कडेला होतो. कडेवर बारीक टवका गेला की तिथूनच तडा सुरू. आपल्याकडे काच बसवणारा पोरगा हिरकणीने काच कापायला उस्तादाच्या हाताखाली शिकतो, हातमोजे असतीलच असं नाही. बळकट केलेली काच जागेवर कापून चालत नाही, ती मापात तयारच आणावी लागते. नवीन काच येण्याआधी आयटीआयमध्ये या पोरांना शिकवण्याची सोय झाली पाहिजे. नाहीतर शोभा मालकाची आणि टाके कारागिराच्या हाताला.

दुकानाचा नकाशा काढायला बसाल तेव्हा इंजिनिअरला एवढंच विचारा: पश्चिमेचं ऊन कुठून येणार आणि ते कोण सोसणार? काच किती मिलिमीटरची, हा प्रश्न त्यानंतरचा.