नकाशा टिकतो, यंत्र टिकत नाही

सोलापूर जिल्ह्याला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात १८३६ साली गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी जमीनमोजणीवर आधारलेली नवी सारा-आकारणी अमलात आणली. त्या परंपरेतून तयार झालेले जुने गावनकाशे वाचण्यास आजही डोळ्यांखेरीज दुसरे साधन लागत नाही. संगणकावरील नकाशाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तो उघडण्यास विशिष्ट सॉफ्टवेअर लागते, त्या सॉफ्टवेअरला विशिष्ट ऑपरेटिंग सिस्टीम लागते, आणि तिला विशिष्ट क्षमतेचे यंत्र लागते. या साखळीतील एक कडी निखळली तरी नकाशा हाती असून नसल्यासारखा होतो.

हे संकट काल्पनिक नव्हे. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. आधार थांबला म्हणून संगणक बंद पडत नाही. तो चालतच राहतो, आणि म्हणूनच धोका लक्षात येत नाही. संस्थांना शुल्क भरून विंडोज १० च्या सुरक्षा-दुरुस्त्या कमाल तीन वर्षे मिळू शकतात. परंतु ही मुदतवाढ आहे, उपाय नव्हे. विंडोज ११ ला विशिष्ट सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे एरवी धडधाकट असलेली यंत्रेही बाद ठरतात.

सॉफ्टवेअरचीही तीच गत आहे. भूगोल विभागांत व कार्यालयांत दीर्घकाळ वापरात असलेल्या आर्कमॅपच्या आधाराची अखेरची तारीख एस्री या अमेरिकी कंपनीने १ मार्च २०२६ ही ठरविली. आर्कमॅपमध्ये साठविलेला एका जुन्या प्रकारचा माहितीकोश कंपनीच्याच नव्या आर्कजीआयएस प्रो मध्ये उघडत नाही. जुने यंत्र चालू आहे तोवर ती माहिती दुसऱ्या स्वरूपात काढून घ्यावी लागते. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर विनामूल्य खरे, पण तेही या नियमाला अपवाद नाही. ते ज्या पायथॉन भाषेचा आधार घेते, तिच्या ३.९ व पुढील आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत.

मूळ प्रश्न तंत्राचा नसून हिशेबाचा आहे. गिरणीतील माग झिजतो, म्हणून त्याचा घसारा खात्यात धरला जातो. संगणकीय नकाशाचा घसारा कोणी धरतो काय? योजनेतून यंत्रे व सॉफ्टवेअर घेण्यास भांडवली अनुदान मिळते, उद्घाटनही होते. पुढील वर्षांचा देखभालीचा महसुली खर्च कोणाच्या माथी, हे मात्र अनुत्तरित राहते. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरची निवड झाली आणि ३१ मार्च २०२५ रोजी ते अभियान संपले. अभियाने संपतात, पण त्यांतून उभ्या राहणाऱ्या माहितीची गरज संपत नाही, हे अशा सर्वच योजनांबाबत ध्यानात घेतले पाहिजे.

जुने यंत्र इंटरनेटपासून तोडून वापरावे, असा एक युक्तिवाद केला जातो. तात्पुरती सोय म्हणून तो ग्राह्य आहे. परंतु पेन ड्राइव्हमधून विषाणू शिरतोच, आणि यंत्राचा एखादा भाग निकामी झाला की जोडीला दुसरा मिळत नाही. लिनक्सवर क्यूजीआयएस चालविणे हा अधिक टिकाऊ मार्ग होय. त्यात परवान्याचा खर्च वाचतो खरा, मात्र शिकविणाऱ्या माणसाचा खर्च वाचत नाही. तो अंदाजपत्रकात प्रांजळपणे दाखविला पाहिजे.

म्हणून दोन गोष्टी तातडीने व्हाव्यात. सार्वजनिक पैशातून तयार होणाऱ्या प्रत्येक नकाशाची मूळ माहिती, कोणत्याही सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा खुल्या स्वरूपात सुपूर्द करण्याची अट निविदेतच असावी. आणि दरवर्षी स्थलांतर व प्रशिक्षण यांसाठी स्वतंत्र तरतूद व्हावी. सोलापूरच्या अकरा तालुक्यांत पाणलोट, विहिरी व नाले यांची आजची स्थिती वीस वर्षांनंतरच्या दुष्काळाशी ताडून पाहावी लागेल. त्या वेळी तुलनेसाठी आजचा नकाशाच उघडला नाही, तर त्यावर झालेला खर्च वाया गेला असेच म्हणावे लागेल. त्याहून मोठी हानी म्हणजे ती माहिती पुन्हा गोळा करता येणार नाही, कारण गेलेल्या वर्षाची भूजलपातळी कोणालाच नव्याने मोजता येत नाही.