मारुतीच्या कमरेचे पाणी आणि गल्लीतले पाणी

नाशकात पुराची खबर विचारायची ती मारुतीला. गोदाकाठचा दुतोंड्या मारुती हा आमचा बिनपगारी पण सर्वमान्य पूरमापक. पाणी त्याच्या पायांना लागले की घाटावरचे टपरीवाले बाडबिस्तरा आवरू लागतात. कमरेला आले की भांडी बाजारातली पातेली खालच्या फळीवरून वरच्या फळीवर चढतात. छातीला आले की सराफ बाजारात हाका सुरू होतात. कुणाला सरकारवाड्याची पायरी अधिक भरवशाची वाटते, कुणाला नारोशंकराची घंटा. पण साऱ्यांचे म्हणणे एकच, की पाणी किती आले ते नदीने सांगावे आणि आपण ऐकावे.

या मोजमापाला हसणाऱ्यांपैकी मी नाही. १९६९, २००८, २०१६, २०१९ हे सारे पूर जुन्या नाशिककरांच्या लक्षात आहेत ते याच खुणांनी. माझी तक्रार वेगळी आहे. मारुती मोजतो तो नदीचा पूर. शहराला दुसराही एक पूर येतो. तो पाठीमागून, घरांच्या गच्च्यांवरून आणि डांबरी रस्त्यांवरून येतो आणि त्याची मारुतीला वार्ताही नसते.

२०१७ चा जून आठवा. पावसाळा नुकता तोंड दाखवीत होता. जूनमध्ये गंगापूर धरण तळाशी असते. तिथून पाणी सोडण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही दीड-दोन तासांच्या एका पावसाने सराफ बाजारात पाणी शिरले. लोक नेहमीप्रमाणे नदीकडे पाहू लागले, आणि पाणी मात्र त्यांच्या पाठीमागून आले! जुन्या गावातला सरस्वती नाला सराफ बाजाराच्या पोटातून, अंगावर रस्ता पांघरून, गोदावरीकडे जातो. आपण त्याला झाकले म्हणजे तो नाहीसा झाला असे नव्हे. तो आपली जुनी वाट विसरलेला नाही.

आता थोडा हिशेब करू. वाचकांनी घाबरू नये, चौथीच्या पलीकडचे गणित यात नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झाले. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर तासात पन्नास मिलिमीटर पडला तर पाच हजार लिटर. ही झाली एक गच्ची. शंभर हेक्टरांची एक पेठ घ्या. तेवढ्याच पावसाने तिच्यावर पाच कोटी लिटर पाणी पडेल. सगळीकडे काँक्रीट आणि डांबर असेल तर त्यातले चार कोटी लिटर वाहून निघेल, म्हणजे सेकंदाला सुमारे अकरा हजार लिटर. धरणवाल्यांच्या भाषेत चारशेच्या आसपास क्युसेक. तीच जागा मळ्याची असती तर जमिनीने बरेचसे पाणी पोटात घेतले असते आणि उरलेलेही सावकाश सोडले असते. आमच्याकडे जिथे द्राक्षांचे मांडव होते तिथे आज पार्किंगच्या फरश्या आहेत. आभाळ होते तितकेच आहे, गटारावरचा बोजा मात्र तिप्पट-चौपट झाला आहे.

हा हिशेब नवा नाही. मुल्व्हनी नावाच्या आयरिश इंजिनियराने तो १८५० च्या सुमारास मांडला आणि आजही पुष्कळ गटारांचे नळ त्याच्याच सूत्राने ठरतात. क्षेत्रफळ, पावसाचा जोर आणि किती हिस्सा वाहून जातो, या तिघांचा गुणाकार केला की झाले. सूत्र वाईट नाही. त्यात घालायचा पावसाचा आकडा कुठून आणायचा, इथेच गाडी अडते. चोवीस तासांत साठ मिलिमीटर पाऊस झाला, असे वर्तमानपत्रात छापून येते. तो दिवसभर रिपरिपत पडला तर तासाला अडीच मिलिमीटर. त्यात छत्रीसुद्धा नीट भिजत नाही. तोच एका तासात कोसळला तर पेठ बुडते. छापील आकडा दोन्ही वेळा एकच! गावातल्या नाल्याचे पाणलोट लहान असते. टोकाचा थेंब वीस-पंचवीस मिनिटांत तोंडाशी पोचतो. म्हणून पाऊस मोजायचा तर तो पाच-पाच, दहा-दहा मिनिटांचा मोजला पाहिजे, आणि तोही गावाच्या एका कोपऱ्यात नव्हे, पेठोपेठी. आपोआप नोंद करणारी पर्जन्यमापके काही सोन्याची नसतात.

पण समजा, पावसाचा आकडा अगदी बिनचूक मिळाला आणि नळही ऐसपैस घातला. तरी एक गोम राहतेच, आणि मला या लेखात जे सांगायचे आहे ते हेच. गटाराचे तोंड नदीत उघडते. नदी खाली असेल तर गटार मोकळे होते. मारुतीच्या कमरेला पाणी असेल तर त्या तोंडाला नदीचेच बूच बसते. मग गल्लीतले पाणी बाहेर जाणे तर राहोच, उलट नदीच गटाराच्या वाटेने गावात येते. तोंडाला झडप बसवावी तर नदी बाहेर राहते हे खरे, पण गावाचे पाणी गावातच कोंडते आणि उपसण्यासाठी पंप लावावे लागतात. म्हणजे नुसता नळाचा व्यास ठरवून भागत नाही. त्या घटकेला नदी किती उंच असेल, हे त्याच कागदावर मांडावे लागते. एका कचेरीत धरणाच्या विसर्गाचा हिशेब आणि दुसऱ्या कचेरीत गटाराचा, अशी वाटणी पाण्याला मान्य नाही.

मुंबईकरांनी हा धडा फार महाग घेतला. त्यांच्याकडे नदीच्या जागी समुद्र. जुनी गटारे तासाला पंचवीस मिलिमीटर पावसाच्या मापाची, आणि तीही ओहोटी असेल तर. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने हे माप दुप्पट करा, पंप बसवा, असे सांगितले. अहवाल बराच काळ कपाटात विसावला. मग २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यात भरती आली, आणि कपाट उघडले.

असे सगळे एकत्र मांडून पाहायची युक्ती मात्र आपल्या घरची आहे. पुण्याजवळ खडकवासल्याला पाण्याचे संशोधन करणारे केंद्र आहे. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यातली एक लहानशी शाखा म्हणून ते सुरू झाले. तिथे नद्यांच्या, बंदरांच्या प्रतिकृती जमिनीवर बांधून त्यांत खरे पाणी सोडतात. पाहणाऱ्याला तो मुलांचा दिवाळीचा किल्लाच वाटावा! त्यात एक मौज असते. नदी जेवढ्यास तेवढी लहान केली तर पाण्याचा नुसता ओलावा उरेल, म्हणून उंचीचे माप मुद्दाम मोठे धरतात. आता हेच काम बहुतांशी गणकयंत्रावर होते. अमेरिकेत १९७१ साली शहरातल्या पावसाळी गटारांसाठी अशी आज्ञावली तयार झाली. तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या आज कोणालाही फुकट मिळतात. गल्लीची उंची, नाल्याची रुंदी, पुलाच्या कमानी, नदीची पातळी हे सारे तिला पुरवायचे आणि विचारायचे, की धरणातून अमुक पाणी सुटले असता अमुक पाऊस कोसळला तर बोहरपट्टीत पाणी किती चढेल?

यंत्र उत्तर देतेच. चुकीचे आकडे भरले तरी तितक्याच ऐटीत देते, ही त्याची खोड. म्हणून त्याची परीक्षा घ्यावी लागते. आधी त्याला २०१९ चा पाऊस आणि विसर्ग सांगायचा आणि पाणी कुठवर आले ते विचारायचे. उत्तर खरोखरीच्या खुणांशी जुळले तरच पुढच्या पुराबद्दल त्याला तोंड उघडू द्यायचे. आणि या खुणा कोणाकडे असतात? भांडी बाजारातल्या माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराने दाराच्या चौकटीवर प्रत्येक पुराची रेघ मारून ठेवली आहे, शेजारी तारीख. मुलाने दुकानाला नवा रंग दिला तेव्हा म्हाताऱ्याने तेवढी चौकट रंगवू दिली नाही. ‘‘अहो, ही माझी वहिवाटीची वही आहे,’’ असे मला म्हणाला. कोणी इंजिनियर टेप घेऊन ती वही उतरवायला आला होता का, म्हणून मी विचारले. अजून कोणी आलेले नाही. हा माणूस सत्तरी ओलांडलेला आहे आणि चौकट सागवानी असली तरी दुकान पाडून नवे बांधायच्या गोष्टी मुलाच्या डोक्यात घोळत आहेत. अशा वह्या गावात पन्नास तरी असतील. त्या गेल्या म्हणजे यंत्राला साक्षीदार उरणार नाही.

नकाशावरच्या निळ्या आणि लाल रेषांबद्दलही दोन शब्द. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पुष्कळ सुशिक्षित मंडळी याचा अर्थ अशी करतात, की २०१९ ला येऊन गेला, आता २०४४ पर्यंत निवांत. तसे नव्हे. दर वर्षी शंभरात चार असा तो संभव आहे, आणि मागच्या वर्षी पूर आला म्हणून या वर्षी सवलत नाही. पंचवीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर एकदा तरी येण्याचा संभव शंभरात चौसष्ट भरतो. घर घेणाऱ्याला हा आकडा विक्रेता सांगत नाही. शिवाय या रेषा नदीच्या आहेत. नाल्याच्या पुराची रेषा, म्हणजे जून २०१७ च्या पाण्याची रेषा, घर घेणाऱ्याला कोण दाखवतो? मला विचाराल तर वॉर्डाच्या कचेरीबाहेर नकाशा टांगावा. त्यावर तासात पन्नास मिलिमीटरला कोणत्या गल्लीत घोट्याएवढे पाणी, कोणत्या गल्लीत गुडघ्याएवढे, आणि नदी चढलेली असेल तर किती, हे सरळ मराठीत लिहिलेले असावे. जागेचे भाव पडतील म्हणून काहींना तो नकोसा होईल, हे मी जाणून आहे.

हे सारे आजच का, तर सिंहस्थ उंबरठ्यावर आहे. २०२७ ची पर्वणी श्रावण-भाद्रपदातलीच, म्हणजे ऐन पावसाळ्यात लाखो माणसे रामकुंडाच्या वाटेवर असणार. त्यासाठी रस्ते होतील, घाट होतील, पूल होतील. घाटाची एक पायरी पुढे सरकली की नदीचे पात्र तेवढे आखडते. रस्ता वीतभर उंच झाला की शेजारची गल्ली वीतभर खोल होते. तेव्हा प्रत्येक कामाचा आराखडा आधी त्या गणकयंत्रातून फिरवून आणावा, आणि गर्दीला परतण्याच्या ज्या वाटा आखतील त्यांतली कोणती वाट नाल्याच्या डोक्यावरून जाते, हेही त्यालाच विचारावे. काँक्रीट ओतल्यावर विचारून उपयोग नाही. ते फोडण्याचे टेंडर वेगळे निघते.